मागच्या चाकावरची रेघ

आमच्या घरात वादाला विषय कधी कमी पडले नाहीत. पण एका गाडीच्या ढुंगणावरून पंचवीस वर्षं दोन तट पडलेलं घर अख्ख्या चिंचवडात आमचं एकच असावं. शब्द माझा नाही, आईचा आहे. गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा तिने ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, मग मागे जाऊन बघितलं आणि म्हणाली, "अहो, पुढून बरी आहे. पण हिचं ढुंगण कुणी कापलं?"

बाबा म्हणाले, "तुला नाही कळायचं."

"मला कळत नाही, शेजाऱ्यांना कळत नाही, रस्त्यावरच्या लोकांना कळत नाही. मग बनवली कुणासाठी?"

 खिशातून रुमाल काढून बाबांनी मागच्या चाकाच्या वरची जागा पुसली. तिथे धूळ नव्हतीच, गाडी शोरूममधून थेट घरी आली होती.

ती गाडी बाबांच्या कंपनीची होती. बाबा तिथे टूलरूममध्ये फिटर होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी नववीत होते, आणि तेव्हा आमच्या भागात नुसतं 'कंपनी' म्हटलं की ज्याला त्याला आपापली कंपनी कळायची. रस्त्यावरच्या गाड्या तेव्हा साबणाच्या वड्यांसारख्या असायच्या, सगळीकडून सारख्या आणि गोल. त्यात ही एकदम वेगळी निघाली. पुढच्या दिव्यापासून एक धारदार रेघ सुरू व्हायची, दोन्ही दारांवरून धावत मागे जायची, मागच्या चाकावर चढायची आणि तिथून पुढे वीतभर अंतरात विरून जायची. जिथे विरायची तिथे पत्रा अगदी किंचित आत गेलेला होता. त्यापुढे गाडी एकदम उभी कापलेली, आणि लाल दिवे आडवे असायचे ते उभे लावलेले.

लोकांनी तोंडसुख घेतलं. मामा म्हणाला, पुढून गाडी आहे आणि मागून टपरी. कंपनीच्याच असेंब्ली शॉपमधली माणसं कँटीनमध्ये म्हणायची की डिझाइन करणारा मागच्या चाकापर्यंत पोचला आणि जेवणाची सुट्टी झाली. ती चाकावरची जागा तर लांबून चक्क पोचा आल्यासारखी दिसायची. आमच्या घरात त्यावर एक ठरलेला विनोद तयार झाला. कुणी पाहुणा विचारायचा, "मागे ठोकली वाटतं?" की मी आणि मामा एका सुरात म्हणायचो, "नाही नाही, कंपनीतूनच ठोकून आलीये."

दुसऱ्या तटात माणसं कमी होती, पण कट्टर होती. समोरच्या इमारतीतले एक प्राध्यापक भाजीची पिशवी घेऊन संध्याकाळी परत येताना आमच्या गाडीपाशी थांबायचे आणि दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे करून ती बघायचे. टूलरूमची माणसं तर तिच्याविरुद्ध शब्द ऐकून घ्यायची नाहीत. आणि बाबा, जे घरात कुठल्याच गोष्टीवर आवाज चढवायचे नाहीत, ते या एका विषयावर जेवण सोडून उठलेले मी पाहिले आहेत.

कारण ती विरणारी रेघ त्यांनी केली होती. डिझाइन त्यांचं नव्हे, ते कुठूनतरी बाहेरून आलं होतं. पण मागच्या पॅनेलचा पत्रा ज्या पोलादी साच्यात दाबून निघतो ती डाय त्यांच्या हाताखालून गेली होती. रेघेची धार मशीनने कापता यायची. ती विझवणं मशीनला जमत नव्हतं. मशीन जिथे थांबायचं तिथे एक बारीकसा उंबरा राहायचा. मग बाबा आणि त्यांचा एक जोडीदार दगडाने घासत बसले, कित्येक आठवडे. थोडं घासायचं, पुसायचं, हात फिरवायचा, परत घासायचं.

हात म्हणजे डावा हात. हे टूलरूमच्या जुन्या माणसांचं आपलं एक शास्त्र होतं. उजव्या हाताने हातोडी, कानस, दगड. डाव्याने फक्त बघायचं. डाव्या हाताने जड उचलायचं नाही, त्याला घट्टे पडू द्यायचे नाहीत, काम करताना त्यात पातळ सुती मोजा. मोज्यातून हात फिरवला की पत्र्यावरची केसाएवढी लाट कळते, हे ऐकायला खोटं वाटतं पण खरं आहे. मी आज त्याच धंद्यात आहे. बाबा घरीही डावा हात जपायचे. रात्री झोपताना त्याला खोबरेल लावायचे. आई चिडायची, कारण नारळ खवायला सांगितला की यांचं डाव्या हाताचं निमित्त तयार असायचं. आम्हाला ताप आला की मात्र तोच हात कपाळावर यायचा, आणि थर्मामीटर लावायच्या आधी ते आकडा सांगायचे. अर्ध्या डिग्रीच्या वर कधी चुकले नाहीत.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला कंपनीने घरच्यांना आत बोलावलं होतं. दर वर्षी मशीनची पूजा असायची, हत्यारं धुऊन-पुसून मांडलेली असायची, प्रत्येक मशीनला झेंडूचा हार. बाबांनी मला त्या डायपाशी नेलं. म्हशीएवढं धूड, त्यावर हळदकुंकू. "इथे हात लाव," ते म्हणाले, "डावा. डोळे मीट आणि सावकाश पुढे ने. रेघ कुठे संपते ते सांग."

माझा ड्रेस नवा होता, मोतिया रंगाचा. डायला तेल लावलेलं होतं. मी म्हटलं, "नको बाबा, डाग पडतील."

"राहू दे मग," ते म्हणाले. "नंतर कधीतरी."

नंतर म्हणजे पंचवीस वर्षांत कधीच नाही. दारात गाडी उभी होती, मी रोज तिच्या शेजारून शाळेत, कॉलेजात, कामावर गेले, आणि त्या जागेला कधी हात लावला नाही. माझं मत ठरलेलं होतं. ठरलेल्या मताला हात लावून कोण बघतो?

मावसभावाच्या लग्नात वरातीला आमची गाडी नेली, तेव्हा मामाने मुद्दाम तिची सगळी मागची बाजू फुलांच्या चादरीने झाकून टाकली.  निघायच्या आधी बाबा मागे गेले आणि चाकावरची वीतभर जागा फुलं सारून त्यांनी मोकळी केली. झाकलेल्या गाडीवर तेवढंच एक चौकोनी भोक. वरातीत नाचणाऱ्यांना वाटलं, पेट्रोल भरायची सोय केली आहे.

मी इंजिनियर झाले आणि महाळुंग्याच्या एका कारखान्यात लागले. दुसरी कंपनी, दुसऱ्या गाड्या. माझं काम बॉडीची क्वालिटी बघण्याचं. ट्यूबलाइटच्या पांढऱ्या नळ्यांच्या बोगद्यातून पॅनेल जातं, त्यावर नळ्यांचं प्रतिबिंब पडतं, आणि ते कुठे वाकडं झालं की तिथे दोष आहे असं समजायचं. नव्या पोरांना शिकवायला मी एक सादरीकरण केलं होतं. त्यात 'पृष्ठभाग कसा नसावा' या पानावर मी आमच्या गाडीचा फोटो टाकला. पोरं पोट धरून हसली. घरी येऊन जेवताना मी ते सांगितलं, चांगलं रंगवून सांगितलं.

बाबांनी वरणाचा घास संपवला आणि विचारलं, "फोटो कुठे उभं राहून काढला होतास?"

"समोरून. का?"

"काही नाही. फोटोत नाही येत ती. चालत जाताना बघावी लागते, ऊन तिरपं असताना." एवढंच. मी ताट उचलून आत गेले. आज तो प्रसंग आठवला की मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

गेल्या वर्षी जूनमध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, नजर थोडी अधू झाली, पाय काठीवर आला. हाताची बोटं हलायला लागली, पण हातात जाणीव नव्हती. चहाचा गरम कप धरला तरी त्यांना कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, पहिले काही महिने महत्त्वाचे असतात, या काळात जेवढं परत येईल तेवढं येईल, व्यायाम सोडू नका.

लातूरकडची एक तरुण फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा घरी यायची. एका परातीत तांदूळ घेऊन त्यात बटणं, हळकुंड, सुपारी लपवायची आणि बाबांना डोळे मिटून डाव्या हाताने शोधायला लावायची. ज्या हाताने केसाएवढी लाट ओळखली त्याला तांदळातली सुपारी सापडत नव्हती. बाबा चिडत नव्हते. रोज सकाळी स्वतःहून परात मागून घ्यायचे. तास-तास बसायचे. मला आशा वाटायची, कारण त्यांना वाटत होती.

त्याच सुमारास गाडीचं पासिंग आलं. पंधरा वर्षं उलटली की दर पाच वर्षांनी आरटीओला जुनी गाडी नेऊन दाखवावी लागते. मामा म्हणाला, भंगारात द्या आता. मी म्हटलं, नाही, बाबांना दसऱ्याला सरप्राइज देऊ या, डेंटिंग-पेंटिंग करून अगदी नवी करू. हेतू चांगला होता. हे मी आतापर्यंत स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की त्यातला अर्थ गेला.

कुदळवाडीला एक म्हातारे डेंटर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. पत्र्याच्या कामात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नाही. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, प्रत्येक पोच्यावर खडूने गोल केला, आणि मागच्या चाकाशी येऊन थांबले. वाकले, हात फिरवला, परत फिरवला.

"ताई, हे मागचं मुळातलं आहे का ठोकर बसलीय? दोन्ही बाजूला सारखंच दिसतंय, म्हणून विचारतो."

आणि मी हसले. तोंडातून ते ठरलेलं वाक्य निघालं. "कंपनीतूनच ठोकून आलीये, चाचा. काढून टाका."

"नक्की ना?"

"नक्की. एकदम सपाट करा. पंचवीस वर्षांचा वाद मिटवून टाका."

गंमत केली असं म्हणून मला सुटता येणार नाही. मला ती जागा खरंच सपाट हवी होती. माझ्या धंद्याची नजर होती ती, मला तिथे दोष दिसत होता. चाचांनी इमानदारीने काम केलं. आतून पत्रा ठोकून वर घेतला, वरून पुट्टीचा हात दिला, घासला, रंग मारला. तोच मूळचा अंजिरी रंग. मी बघायला गेले तेव्हा गॅरेजच्या नळ्यांचं प्रतिबिंब त्या पॅनेलवर सरळसोट पडलं होतं. मला फार समाधान वाटलं.

गाडी बारा दिवस गॅरेजमध्ये होती. बाबा रोज विचारायचे, "गाडी कधी येणार?" मी सांगायचे, पासिंगचं काम आहे, येईल. म्हातारपणी माणसाचा वस्तूंत जीव अडकतो, असं मी मनात म्हणायचे.

खंडेनवमीला सकाळी आम्ही त्यांना खाली आणलं. इमारतीच्या खालचं पार्किंग, तिथे दिवसाही उजेड बेताचाच. गाडीला हार घातला होता. आईने ओवाळलं. बाबा काठी टेकत, मला बाजूला करत मागच्या चाकापाशी गेले. काठी गाडीला टेकवली, उजव्या हाताने डावा हात उचलून चाकावर ठेवला आणि डोळे मिटले. बराच वेळ तसे उभे होते. हात पुढे सरकवला, मागे आणला, परत पुढे.

मग त्यांनी डोळे उघडले आणि हाताकडे बघितलं. गाडीकडे नाही, हाताकडे.

"कसा झालाय रंग?" मी विचारलं.

"छान झालाय," ते म्हणाले. "वर जाऊ या."

मला वाटलं, त्यांना कळलं आणि त्यांनी गिळलं, नेहमीसारखं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. वाद मिटला म्हणून त्यांना चिडवायचं ठरवलं होतं, ते वाक्य मीही गिळलं आणि त्यांना लिफ्टपर्यंत नेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परात मागितली नाही. तिसऱ्या दिवशी आईने ती समोर ठेवली तर म्हणाले, "भात लाव त्याचा." फिजिओथेरपिस्ट आली की ते पायाचे व्यायाम करायचे, हाताची वेळ आली की "दमलो" म्हणायचे. खोबरेलाची बाटली खिडकीत तशीच पडून राहिली. आम्हाला वाटलं, थकले असतील. डॉक्टर म्हणाले, या आजारात उदासी येते, गोळी देऊ.

दिवाळी झाली आणि एक दिवस त्या मुलीने मला जिन्यात गाठलं. "ताई, बाबा आता हाताचं काहीच करत नाहीत. मला कळेना झालंय. दसऱ्याच्या आधी किती खूश होते. मला म्हणले, पोरी, खाली माझी गाडी आहे, तिच्यावर एक रेघ आहे. ती ज्या दिवशी हाताला कळेल त्या दिवशी मी बरा झालो समज. रोज सकाळी खाली जाऊन हात लावून यायचे. आणि मग एक दिवस म्हणले, आज कळली, पुसट, पण कळली. त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही गाडी गॅरेजला नेली."

मी तिथेच पायरीवर बसले. ती विचारत राहिली, काय झालं ताई, पाणी आणू का.  तीन महिने माणूस एका जागेवर हात ठेवून वाट बघत होता, ती जागा त्याला सापडली, आणि मी ती बुजवली. आणि त्याला वाटलं, आपला हात मेला. गाडीवर शंका घ्यायचं त्याच्या मनातही आलं नसणार. ती रेघ नाहीशी होऊ शकते, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

तेव्हाच वर जाऊन सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. बाबा, रेघ मी काढली. तुमचा हात बरोबर सांगत होता. एवढं ऐकून ते त्याच संध्याकाळी परत परात मांडून बसले असते. आई म्हणाली, "जा, सांग. नाहीतर मी सांगते."

मी तिला थांबवलं. आमच्या कारखान्यात एक शिस्त अंगात भिनवलेली असते. नुसता दोष घेऊन साहेबांपुढे जायचं नाही, उपाय घेऊन जायचं. पंधरा वर्षं मी तेच केलं आहे, आणि माझ्या हाताखालच्यांना रिकाम्या हाताने आल्याबद्दल झापलंही आहे. घरीही मला दुसरं सुचलं नाही. मी आईला म्हटलं, आधी रेघ परत करून घेते, मग हात ठेवायला लावूनच सांगते. आईने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की ती मी अजून विसरले नाही. पण ती गप्प बसली, कारण मी शिकलेली, मी कमावती, घरातले निर्णय आता मी घ्यायचे.

चाचांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, स्टूलवर बसले, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "पुट्टी खरवडून निघेल ताई. पण आतून पत्रा ताणलाय. आता तो परत तिथे बसणार नाही. मी जसा बसवीन तसा बसेल, आणि तो तुमच्या वडिलांचा नसेल." मग थोड्या वेळाने, "मी दोनदा विचारलं होतं." मी म्हटलं, हो चाचा, तुम्ही विचारलं होतं.

मग तशीच दुसरी गाडी शोधायची असं ठरवलं. ती गाडी खपलीच कमी होती. जुन्या गाड्यांचे बाजार, भोसरीची भंगारची दुकानं, टूलरूमच्या निवृत्त लोकांचा ग्रुप, सगळं पालथं घातलं. एक सापडली ती पुढचं अर्धं अंग उरलेली. मार्गशीर्ष गेला, पौष लागला. बाबांची बोटं हळूहळू आत वळायला लागली होती. रोज संध्याकाळी बसमधून उतरताना मी ठरवायचे, आज सांगून टाकू, आणि रोज म्हणायचे, या रविवारी अजून एक ठिकाण बघू.

ती सापडली कुरुळीत, माझ्या रोजच्या बसच्या वाटेवर. एका घरामागे कडब्याच्या गंजीला लागून उभी होती, रंग उडालेला, टायर बसलेले. घराचे मालक ऐंशीच्या घरातले आजोबा. मी भीत भीत विचारलं, ही गाडी तुमचीच का?

"व्हय, माजीच हाय की. चालत न्हाई आता. पन इकनार न्हाई." त्यांनी उपरण्याने बॉनेट पुसलं. "लोकं लई हसायची बगा. पोरगं म्हनायचं, आबा, ही मागनं तुटलीया. म्या म्हनायचो, तू हिकडनं चालत ये आन् बग. आत्ता उडंल का मग उडंल असं वाटतं."

मी मागे गेले. धूळ पुसली, डोळे मिटले आणि डावा हात चाकावर ठेवला. माझ्या हातालाही धंद्याची सवय आहे. रेघ बोटाखाली धारदार होती. मग ती बोथट झाली, मग रुंद, मग इतकी मंद की आहे की नाही कळेना, आणि जिथे ती संपायला हवी होती तिथे संपलीच नाही. माझा हात मागच्या दिव्यापर्यंत जाऊन थांबला आणि मला सांगता आलं नाही ती कुठे विझली. उंबरा नव्हता कुठेच. असं काम मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलेलं नाही. गाडीचं मागचं कापलेलं अंग मला आजही पटत नाही, ते खोटं कशाला बोलू. पण मी तिथे कडब्याशेजारी उभी राहून हुंदके देऊन रडले, आणि आजोबा आत जाऊन पाणी घेऊन आले.

पुढच्या रविवारी बाबांना घेऊन गेले, आमच्याच गाडीतून. त्यांना कुठे चाललोय ते सांगितलं नव्हतं. ती गाडी दिसल्यावर ते थबकले. मग मी सांगितलं. पाठ केलेलं सगळं विसरले आणि नुसतं म्हटलं, "बाबा, आपल्या गाडीवरची रेघ मी बुजवून घेतली. दसऱ्याच्या आधी. तुमच्या हाताला कळली नाही कारण ती तिथे नव्हतीच. तुमचा हात बरोबर होता. इथे ती आहे, मी डावा हात लावून बघितली."

 ऊन तिरपं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर पडत होतं. मी हात धरायला पुढे झाले तर म्हणाले, "थांब. मला करू दे." काठी माझ्याकडे दिली. उजव्या हाताने डावा हात उचलला. वळलेली बोटं एकेक करून उघडली, पत्र्यावर पसरली, आणि डोळे मिटले.

हात रेघेवर नव्हता. रेघेच्या चांगला चार बोटं खाली, चाकाच्या कमानीजवळ होता, जिथे पत्रा नुसता सपाट आहे. तो तिथून सावकाश पुढे सरकला, सपाट पत्र्यावरून सपाट पत्र्यावर. आजोबा कौतुकाने बघत होते. मला तो हात उचलून वर ठेवावासा वाटला, पण मग तिथेही काही कळलं नसतं तर? मी जागची हलले नाही.

"आहे," बाबा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "कळली. तशीच आहे."

मी म्हटलं, "हो बाबा."

त्यांनी आजोबांना रामराम केला, गाडी नीट झाकून ठेवा म्हणून सांगितलं.  परतताना बाबांनी डावा हात मांडीवर घेऊन उजव्याने झाकला होता, जसं झोपलेल्या मुलाला धरतात. मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते, कारण त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

आई दारातच उभी होती. तिला सगळं माहीत होतं, आम्ही चपला काढायच्या आतच तिने विचारलं, "अहो, कळली का?"

बाबा सोफ्यावर बसले. काठी भिंतीला टेकवली. माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, रागाने नाही.

"हिला कळली," ते म्हणाले.

मग त्यांनी आईला पाणी मागितलं. मी ते आणायला आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहिले. खिडकीत खोबरेलाची बाटली होती, थंडीने गोठलेली. मी ती तळहातात धरून पातळ केली, पाणी घेऊन बाहेर आले, त्यांच्या पायाशी बसले आणि त्यांच्या डाव्या हाताला तेल लावू लागले. एकेक बोट उघडत. ते टीव्हीवरच्या बातम्या बघत होते. मी हात धरला आहे हे त्यांना कळलं नव्हतं.